अक्कांचा बारावा प्रश्न

"भाईर उनाचा फुफाटा चाललाय, आन् ही बया स्वेटर घालून बसलीया. डोक्यानं बरी हाय न्हवं?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईंनी हे शेजारणीच्या कानात सांगितलं. पण शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू होते, त्यामुळे कानातही ओरडावंच लागत होतं, आणि ते मला नीट ऐकू आलं. मे महिना होता. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि उंबऱ्यावरची फरशी आत्ताच पायाला चटके देत होती. मी गळ्यापर्यंत बटणं लावलेला राखाडी स्वेटर घालून, दोन्ही हात काखेत दाबून बसले होते. शेजारी आई होती. तिनंही ते ऐकलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सांगत होते, काढून ठेव म्हणून."

पडद्यामागून आवाज आला, "मंद्रूपच्या मावशी, तिला थंडी वाजत असंल की. विचारलं का तुम्ही तिला?"

"त्यात काय इचारायचं?"

"मग बोलू नका. न विचारता बोलायला डिग्री लागती. माझ्याकडं पण नाही, तुमच्याकडं पण नाही."

त्या अक्का. रक्त काढायच्या. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका खोलीत त्यांचं कलेक्शन सेंटर होतं. रक्त तिथं काढायचं, नळ्या दुपारी मोठ्या लॅबकडे जायच्या आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी परत यायचा. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं म्हणे, पण पाटीच्या खिळ्याला त्यांनी कॅलेंडर अडकवलं होतं, त्यामुळे ते कुणी वाचलं नव्हतं. वय साठीच्या पुढे. नऊवारी नाही, सहावारीच, पण पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की आत्ता कुणाशी तरी कुस्ती खेळणार आहेत. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, बाकावर मराठी आणि अक्कलकोटकडचं कुणी आलं तर कन्नड. मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. सुई टोचताना त्या माणसाच्या भाषेत त्याच्या जेवणाबद्दल विचारायच्या. माणूस भाजीचं नाव आठवेपर्यंत नळी भरलेली असायची.

त्या माणसांना नावानं ओळखत नसत, शिरेनं ओळखत. "ये वाकडी शीर, बस." "उजव्या हाताची शीर आली का गं?" रस्त्यात कुणी नमस्कार केला तर चेहऱ्याकडे न बघता आधी कोपराच्या खोबणीकडे बघायच्या आणि मग ओळखीचं हसायच्या. माझी शीर पहिल्या दिवशी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हात दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ नुसता चोळला. म्हणाल्या, "लपती ही. तुझ्यासारखीच हाय अम्मा, कुणी विचारलं की आत जाती." मुलींना त्या तेलुगू पद्धतीनं अम्मा म्हणत. मला ते आवडलं होतं. दिसू दिलं नाही, एवढंच.

मी इंग्लिश मीडियमची. हे सांगायचं कारण असं, की ज्या गोष्टींबद्दल मी लिहितेय त्या सगळ्या मला इंग्रजीत माहीत होत्या आणि मराठीत त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हते. शाळेत आम्ही 'पीरियड्स' म्हणायचो, तेही कुजबुजत. घरी आई 'अडचण' म्हणायची. पाळी हा शब्द मी वाचला होता, बोलले कधीच नव्हते. अक्कांपुढे इंग्रजी चालत नसे. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय होतंय तुला?" मी म्हणाले, "हार्मोनल इम्बॅलन्स."

"ते कागदाला होतंय," अक्का म्हणाल्या. "तुला काय होतंय?"

मी आईकडे बघितलं. आईनं तोंड उघडलं. अक्कांनी तळहात आडवा धरून तिला थांबवलं आणि भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे वळल्या.

त्या पुठ्ठ्याबद्दल सांगायलाच हवं. जुन्या कॅलेंडरचा मागचा भाग, त्यावर अकरा प्रश्न. रक्त काढण्याआधी प्रत्येकाला ते अकराच्या अकरा प्रश्न विचारले जात, मग तो गल्लीतला विणकर असो की गाडीतून आलेला कारखानदार. घाईत असलेला माणूस वैतागायचा. एकदा एकजण म्हणाला, "अहो, रक्त काढताय का मुलगी बघायला आलाय?" अक्का म्हणाल्या, "मुलगी बघायला एवढं कोण विचारतंय? तिथं तर नुसता रंग बघतात."

आणि प्रत्येक प्रश्नामागे एक माणूस होता. कुणाचा रिपोर्ट काहीतरी भलताच आला, आणि त्याचं कारण शोधताना अक्कांना कळलं की आपण हे विचारलंच नव्हतं, की पुठ्ठ्यावर एक ओळ वाढायची. पहिला प्रश्न 'उपाशी आहात का' असा नव्हता. "उपाशी का म्हटलं की सगळे हो म्हणतात," त्या सांगायच्या. प्रश्न असा होता: 'उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, प्रसाद धरून?' हा एका देवभक्त गृहस्थांचा प्रश्न. ते पहाटे देवळात जाऊन ओंजळभर शिरा खाऊन आले होते आणि शपथेवर सांगत होते की पाणीसुद्धा प्यायलो नाही. साखर इतकी चढलेली आली की घरात रडारड. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे, हे त्यांचं प्रामाणिक मत होतं. पाचवा प्रश्न, 'दंडाला काही बांधलंय का?' तो एका पैलवानाचा, ज्याचा ताईत मांसात रुतला होता. सातवा मला फार आवडायचा: 'चालत आलात की भांडून आलात?' भांडून आलेल्या माणसाला त्या अर्धा तास नुसतं बसवून ठेवत आणि मधूनमधून विचारत, "अजून राग हाय का संपला?"

उत्तरं त्या वहीत तेलुगू लिपीत लिहायच्या. त्या गल्लीत तेलुगू बोलणारे पुष्कळ होते, वाचणारे फारसे उरले नव्हते. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे, कारण खोली एकच आणि मध्ये नुसता पडदा. म्हणून त्यांचा एक नियम होता. शेजारचे माग चालू असतील तरच प्रश्न विचारायचे. खटखट खटखट अशा त्या आवाजात पडद्याआडचं बोलणं बाकापर्यंत पोचत नसे. माग थांबले की अक्का थांबत. हातात सुई असली तरी ओठ मिटून बसत. लाईट गेली, धागा तुटला, शेडमध्ये चहाची सुट्टी झाली की सगळा बाक ताटकळायचा. कुणी म्हणालं, "अक्का, चला की लवकर," तर त्या पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवत. "बोलायला आडोसा पाहिजे. आमचा आडोसा तिकडं बसून चहा पितोय."

दुसरा नियम रिपोर्टचा. ज्याचं रक्त, त्याच्याच हातात रिपोर्ट. नवऱ्याला नाही, आईला नाही. पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ दुधनीहून सुनेचा रिपोर्ट न्यायला आले होते, तेव्हा मी बाकावर होते. सुनेला दिवस राहत नव्हते, हे त्यांनी सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"सून माझी, तर रिपोर्ट माझ्याकडंच द्या."

"हात पुढं करा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी नकळत केला. अक्कांनी दंडाला रबरी पट्टा आवळला.

"हे काय करताय?"

"तुम्हाला रिपोर्ट पाहिजे ना? तुमचं रक्त काढते, तुमचा देते. तिचं रक्त तिच्या अंगात हाय, त्याचा रिपोर्ट तिचा."

गृहस्थ पट्टा बांधलेल्या हातानं तसेच बसून राहिले. पट्टा कसा सोडायचा ते त्यांना कळेना, आणि विचारायची तयारी नव्हती. पुढच्या आठवड्यात ती सून एकटी आली. बसनं एकटीनं यायची ती तिची पहिलीच वेळ असावी. पिशवी छातीशी धरलेली होती. अक्कांनी तिला आत नेऊन, माग चालू असताना, रिपोर्टमधली एकेक ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लावली. ही त्यांची आणखी एक पद्धत. आपल्या रक्तातलं आपल्या तोंडून यायला पाहिजे, असं त्या म्हणत. वाचता येत नसेल तर त्या वाचत आणि माणसानं मागून म्हणायचं. ती सून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण पिशवी हातात लोंबकळत होती.

रक्त दिल्यावर चक्कर आली तर अक्का बिस्कीट देत नसत. त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात कडक भाकरी, आणि शेजारी बरणीत शेंगाचटणी. चावायला इतकी मेहनत पडायची की चक्कर विसरली जायची. मला तर वाटतं तोच त्यांचा हेतू असावा.

आणि दुपारी, नळ्या रवाना झाल्या की, त्या भिंग घेऊन बसत. तपासणीच्या रसायनांच्या खोक्यांत मुंगीएवढ्या अक्षरांचा घडी घातलेला एक कागद असतो. मोठ्या लॅबमध्ये ते कागद कुणी उघडतही नाही, सरळ कचऱ्यात जातात. अक्का ते नळ्या न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरकडून मागवून घेत आणि पोथीसारखे वाचत. इंग्रजी अडलं की मला विचारत. अशी मी नंतर त्यांच्याकडे जायला लागले, रक्त द्यायचं नसतानाही. एखादा शब्द मी सांगितला की त्या म्हणायच्या, "बघ, इंग्लिश कामाला आली की. कुणी लपायसाठी वापरली तर काय उपयोग?"

पण हे सगळं नंतरचं. माझं काय झालं होतं ते आता सांगते.

मी एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात परदेशी पत्रव्यवहार बघते. तेव्हाही बघायचे. त्या हिवाळ्यापासून मला दुपारी खुर्चीतच झोप लागायला लागली. वजन वाढलं. हनुवटीवर दोनचार राठ केस आले आणि डोक्यावरचे मात्र मुठीनं गळायला लागले. पाळी आधी लांबली, मग थांबली. थंडी तर अशी, की सगळं घर गच्चीवर झोपायचं तेव्हा मी खाली खोलीत पंखा बंद करून सोलापुरी चादर अंगावर ओढून पडायचे. घरात त्याची गंमत व्हायची. नंतर गंमत संपली आणि एक शब्द उरला, आळस. आई तो रागानं म्हणायची नाही. हवामानाबद्दल बोलावं तशी म्हणायची. "हिचा आळस वाढलाय." साहेबांनीही दोनदा बोलावून विचारलं होतं, की कामात रस आहे ना. मी राजीनामा लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. महिनाअखेरीस द्यायचा, असं ठरवलं होतं. लोक खोटं बोलत नसावेत, असं मला वाटायला लागलं होतं.

मार्चमध्ये आई मला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर शांत, चांगल्या. सोनोग्राफी झाली. पीसीओएस निघालं. म्हणजे बीजकोशात लहान लहान गाठींसारखं दिसतं, हार्मोन्सचा तोल बिघडतो, पाळी अनियमित होते. डॉक्टरांनी सांगितलं की अशा वेळी थायरॉइड आधी बघावा लागतो, कारण तोही असाच त्रास देतो. त्या तपासणीसाठी मी पहिल्यांदा अक्कांच्या बाकावर गेले.

आणि तिथं मी खोटं बोलले.

चौथा प्रश्न होता, 'कसल्या गोळ्या चालू आहेत?' आई पडद्याच्या कडेलाच उभी होती. मी म्हणाले, "कसल्याच नाहीत."

जानेवारीपासून मी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होते. ऑनलाइन मागवलेल्या, ऑफिसच्या पत्त्यावर. बाटलीवर एका लांबसडक केसांच्या बाईचं चित्र होतं. टाळूवर भांग रुंद होत चाललाय हे मला आरशात दिसायचं, आणि ते मला दिसतंय हे आईला कळू नये असं वाटायचं. कारण कळलं की ती चार नातेवाइकांना विचारणार, तेलं येणार, आणि प्रत्येक तेलाबरोबर एक मावशी येणार. त्या दिवशी सकाळी मी घोटभर पाण्याबरोबर एक गोळी घेतली होती. आईनं चहासुद्धा घेऊ दिला नव्हता, इतका तो उपास कडक. पण गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, आणि केसांची गोळी म्हणजे काही औषध नव्हे. आता हे लिहिताना ते शिरा खाऊन आलेले गृहस्थ डोळ्यांपुढे येतात.

रिपोर्ट आला. थायरॉइड नॉर्मल. अक्कांनी तो माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. मी भरभर वाचला, उच्चार अगदी छान. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल हाय. तू नाहीस. पण मी डॉक्टर नाही, रक्त काढणारी बाई हाय." आई रिक्षात म्हणाली, "बघ, थायरॉइड नाही. म्हणजे व्यायाम करायला पाहिजे, बाकी काही नाही." मी दोन महिने पहाटे उठून चालायला जाण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या चौकात बाक दिसला की बसायचे आणि तिथंच डोळा लागायचा. चेहरा सुजला. आवाज जाड झाला. डॉक्टर म्हणाल्या, "मला हे पटत नाही. थायरॉइड पुन्हा करून बघू." म्हणून त्या मे महिन्यातल्या सकाळी मी स्वेटर घालून पुन्हा अक्कांच्या बाकावर होते.

शेवट आधी सांगून टाकते, कारण तो सुटकेचा आहे आणि मला तो अडवून ठेवता येत नाही.

त्या दिवशी अक्कांनी माझं रक्त काढलंच नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि केसांच्या गोळ्या बंद करून काही दिवसांनी बोलावलं. तेव्हा काढलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की वाढणारं हार्मोन, चांगलाच वाढलेला आला. मग डॉक्टरांनी अँटिबॉडीची तपासणी सांगितली, तीही पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी कागदावर फुलपाखरासारखी ग्रंथी काढून दाखवली. म्हणाल्या, "तुझं शरीर आपल्याच थायरॉइडला परकं समजून त्याच्याशी भांडतंय. म्हणून तो मंदावलाय." आणि त्या गोळ्या? काही मशीनवरच्या तपासणीतही बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात ते बाहेरून फार आलं की मशीनचा गोंधळ होतो आणि वाढलेला टीएसएच कमी दिसू शकतो. मी विचारलं, "मग पीसीओएस नाहीच का?" ते आहेच, त्या म्हणाल्या. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये थायरॉइडचं हे भांडण इतरांपेक्षा जास्त सापडतं. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. एकामुळे दुसरं झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं सोडू नये, आणि उपचार दोन्हींचे करावेत.

अक्कांना मी हे जसंच्या तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे ताणा पण ढिला, बाणा पण तुटका. आणि तू नुसता बाणा जोडत बसली होतीस. कापड कसं उतरंल?" उभा धागा ताणा, आडवा बाणा, विणकराच्या घरातल्या बाईला आणखी काय सुचणार. डॉक्टरांना मी हे ऐकवलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या अक्कांना सांगा, मी हे पेशंटना सांगणार आहे."

आता पहाटे उपाशीपोटी एक छोटी पांढरी गोळी घ्यायची, अर्ध्या-पाऊण तासानं चहा. पीसीओएससाठी वेगळं औषध, आणि चालणं. चौथा चौकही मागे पडतो. पाळी अगदी वेळेवर येते असं नाही, पण येते, आणि आली की मी ते कॅलेंडरवर लिहिते. ड्रॉवरमधला राजीनामा मी फाडून टाकला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एक दिवस आईनं खोलीत येऊन, माझ्याकडे न बघता विचारलं, "पंखा लावू?" मी म्हणाले, "लाव." तिनं तो पाचवर ठेवला आणि दारात क्षणभर उभी राहून मला वाऱ्यात बसलेली बघत राहिली. त्या शब्दाबद्दल ती कधी काही बोलली नाही. पण तो शब्द घरात पुन्हा ऐकू आला नाही.

आणि पुठ्ठ्यावर बारावी ओळ आली. 'केसांसाठी, चेहऱ्यासाठी, नखांसाठी काही घेता का? सौंदर्याचं औषध हे औषधच.' अक्कांनी ती माझ्यासमोर खडूनं नाही, काळ्या शाईनं लिहिली. "हा प्रश्न तुझा," त्या म्हणाल्या. "चौथ्यात येतो असं मला वाटायचं. खोक्यातला तो कागद मी भिंगानं वाचलेला, बायोटिन त्यात लिहिलेलं, आणि तुला नुसतं गोळ्या का म्हणून विचारलं. चूक माझी पण हाय." माझं नाव कुठेही नाही. पण त्यानंतर कितीतरी मुलींनी त्या प्रश्नाला मान खाली घालून हो म्हटलं, हे मला ठाऊक आहे. पुठ्ठ्याचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे.

मागच्या वर्षी शेजारच्या मालकानं माग उचलून एमआयडीसीत नेले. शेड रिकामी झाली. लोकांना वाटलं, आता अक्कांना शांत वाटेल. अक्कांनी आठ दिवस वाट बघितली आणि सेंटर बंद केलं. "एवढ्या शांततेत कोण खरं बोलणार?" एवढंच म्हणाल्या. आता त्या हैदराबादकडे भावाकडे राहतात. त्या खोलीत शिवणाचा क्लास आहे.

त्यांचं ते वाक्य मात्र मला मान्य नाही. मी एकदा बोलले होते.

त्या मे महिन्यातल्या सकाळी माझा नंबर आला. मी पडद्याआड गेले. आई नेहमीप्रमाणे पडद्याच्या कडेला. अक्कांनी माझा हात हातात घेतला आणि एकदम सोडला, इतका तो गार होता. मग नाडी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. स्वेटरच्या बाहीवर माझे दोन लांब केस चिकटले होते. ते त्यांनी चिमटीत उचलले, माझ्या भांगाकडे बघितलं आणि पुठ्ठ्याकडे वळल्या. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. शेडमधून खटखट येत होती. चौथा.

"कसल्या गोळ्या चालू आहेत, अम्मा?"

मी तोंड उघडलं. वाक्य मी दोन महिने मनात इंग्रजीत तयार केलं होतं. ते मराठीत करत होते. तेवढ्यात लाईट गेली.

आधी पंखा मंदावला. मग शेडमधला एक माग थांबला, मग दुसरा, मग सगळे. अशी शांतता की बाकावर मंद्रूपच्या मावशी पदरानं वारा घेत होत्या तो पदराचा आवाज ऐकू येत होता. सगळे घामानं हुश्श करत होते. मी एकटी बरी होते.

अक्कांनी ओठ मिटले. भिंतीकडे बोट दाखवलं. हळूच म्हणाल्या, "थांब. माग सुरू झाले की सांग. घाई नाही."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. लाईट येईना. अक्का वही बंद करून गप्प बसल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंतही तशाच बसल्या असत्या. पडद्याखालून मला आईची पावलं दिसत होती, चपला थोड्या झिजलेल्या. मला वाटलं, माग सुरू झाले तर मी पुन्हा "कसल्याच नाहीत" म्हणेन. आवाजात खोटंही तितकंच चांगलं लपतं. ड्रॉवरमधला तो कागद आठवला. मग मी हात पुढे करून पडदा बाजूला सारला. आई दचकली. मावशींचा पदर थांबला.

मी म्हणाले, "अक्का, मी केसांसाठी गोळ्या घेते. जानेवारीपासून. आईला माहीत नाही. मागच्या वेळी रक्त द्यायच्या आधी सकाळी घेतली होती, आणि आजही घेतली. माझे केस गळतात, मला थंडी वाजते, मला चार महिने पाळी आलेली नाही. आणि आई, मी आळशी नाही."